तीळ जागेवर नाही

माझ्या मानेच्या मागच्या बाजूला एक तीळ होता. होता, हे मी ऐकीव माहितीवर सांगतोय. गेल्या ५७ वर्षांत मी स्वतः तो एकदाही पाहिला नव्हता. तो पाहिला होता आमच्या हिने, सलूनवाल्याने, शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या पोरांनी आणि डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासात माझ्या मागे चिकटून उभ्या राहिलेल्या असंख्य प्रवाशांनी. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये माणूस परक्या माणसाची मान जितकी जवळून पाहतो, तितकी स्वतःच्या बायकोचीही पाहत नसेल. एकदा कुर्ल्याला उतरता उतरता एका अनोळखी गृहस्थाने माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "साहेब, मानेवरचा दाखवून घ्या हं." मी वळेपर्यंत तो जिन्यावर पोचला होता. त्या दिवशी मी ऑफिसात दिवसभर कॉलर वर करून बसलो. लोकांना वाटलं, पगारवाढ झाली.

आता न दिसणाऱ्या गोष्टीची काळजी करायची नाही, हा माझा जुना नियम. बँकेतली शिल्लक मी याच नियमाने सांभाळत आलोय. पण सलूनवाल्याला तो नियम मान्य नव्हता. मानेवरचे केस साफ करताना त्याचा वस्तरा दरवेळी त्या तिळाला लागायचा. मग तुरटी, मग कापूस, मग "सॉरी साहेब, तो मधे आला." तीळ मधे आला म्हणे! तीळ जन्मापासून एका जागी बसलेला, हालचाल करतोय वस्तरा, आणि मधे येतो तीळ. एका रविवारी मात्र रक्त थांबेना. मी मानेला कापूस धरून, आकाशाकडे बघत घरी आलो. वाटेत दोघांनी विचारलं, विमान बघताय का?

हिने कापूस काढला, चष्मा लावला आणि जाहीर केलं, "अहो, हा वाढलाय. लग्नात मोहरीएवढा होता, आता मसुरीएवढा झालाय."

"लग्नात तू माझी मान कधी पाहिलीस?"

"होमाभोवती फेरे घालताना कोणाच्या मागे होते मी?"

भटजी मंत्र म्हणत होते, डोळ्यांत धूर जात होता, सासरे डोळे पुसत होते, आणि ही माझ्या मानेची पाहणी करत होती. तीस वर्षं तिने ही नोंद जपून ठेवली होती. माझ्या पगाराच्या तारखाही तिच्याकडे अशाच जपलेल्या आहेत.

तिने मोबाइलवर फोटो काढला. पहिल्या फोटोत भिंत आली, दुसऱ्यात कान आला, तिसऱ्यात फ्लॅश पडल्यामुळे मानेवर सूर्य उगवल्याचा भास होत होता. चौथा बरा आला, तो तिने माझ्या ताईला पाठवला. फक्त ताईला. आमच्या ताईच्या तोंडात एरवीही तीळ भिजत नाही, आणि इथे तर विषयच तिळाचा. चहा गार व्हायच्या आत माझी मान कुटुंबाच्या ग्रुपवर होती आणि त्याखाली उपाय सुरू झाले होते.

ताई म्हणाली, मानेवरचा तीळ म्हणजे लक्ष्मी, त्याला हात लावायचा नाही. ही लक्ष्मी आयुष्यभर माझ्या पाठीमागेच राहिली, पुढे आलीच नाही, हे मी लिहिणार होतो, पण ताई मोठी आहे. गावच्या काकांनी घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांगितला. डोंबिवलीत घोडा दिसतो तो वरातीत. त्याच्या शेपटीपर्यंत पोचण्याची तयारी माझ्या पुतण्याने लगेच दाखवली, कारण त्याला त्याच वरातीत नाचायचं होतं. एकाने चुना सांगितला. आत्याने बिब्बा सुचवला. बिब्ब्याने तीळ जातो की नाही ठाऊक नाही, कातडी मात्र भाजून निघते. आमच्या एका मामांच्या हनुवटीवर त्याचा दाखला अजून वाचता येतो. मग हा तीळ नसून मस आहे, असं कोणीतरी म्हणालं; मस नव्हे, चामखीळ, असं दुसरं कोणीतरी म्हणालं आणि त्यावरून दोन वहिन्यांनी एकमेकींना नमस्काराचे हात पाठवले. म्हणजे भांडण झालं. भाचीने तिच्या पार्लरची जाहिरात टाकली. तिथे तीळ जाळून मिळत होते, आणि तीन जाळले तर चौथा फुकट होता.

याच भाचीच्या लग्नात आम्ही सगळ्यांनी तिच्या गालावर, दृष्ट लागू नये म्हणून, काजळाचा ठिपका लावला होता. फोटोग्राफरने तो तीन वेळा ठळक करायला लावला. ज्याला तीळ नाही तो काजळाने काढतो, ज्याला आहे तो पैसे देऊन काढतो.

रात्री न्यू जर्सीहून मेहुण्यांचा फोन आला. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला आपल्या दुखण्यातलं आपल्यापेक्षा नेहमी जास्त कळतं. ते म्हणाले, "ए-बी-सी-डी पाहिलं का?"

"कशाचं?"

"तिळाचं हो! न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ सालीच ठरवलंय. ए म्हणजे दोन बाजू सारख्या नाहीत. बी म्हणजे कडा वेड्यावाकड्या. सी म्हणजे एकाहून जास्त रंग. डी म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा मोठा. आणि पुढे २००४ साली ई आला, म्हणजे बदलत चाललेला. यातलं काही दिसलं तर ताबडतोब डॉक्टर. अंगावर काढू नका."

तीळ मला दिसत नव्हता, म्हणून मी आरशासमोर उभं राहून हे पाचही निकष जे दिसत होतं त्याला, म्हणजे मला, लावून पाहिले. दोन बाजू सारख्या नाहीत: डावा खांदा बॅगेने खाली गेलेला. कडा वेड्यावाकड्या: विशेषतः कमरेच्या भागात. रंग एकाहून जास्त: केसांचा वरचा भाग काळा, मुळं पांढरी आणि मधला पट्टा मेंदीच्या एका जुन्या प्रयोगाचा. आकार सहा मिलिमीटरपेक्षा मोठा, याबद्दल दुमत नव्हतं. आणि बदलत चाललेला तर दर दिवाळीला शिंपी सांगतो. पाचपैकी पाच. न्यूयॉर्कच्या हिशेबाने मला मुळापासून काढून टाकायला हवं होतं. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसलो. वाचून झाल्यावर माझ्या अंगावरचे सगळेच तीळ माझ्याकडे बघतायत असं वाटायला लागलं.

त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी धरून सगळे एका वयाचे नव्हते. म्हणजे सगळे पंचविशीचे होते आणि मी होतो. कोणाचं लग्न महिन्यावर, कोणाचे केस गळतायत, कोणाला नाकाचा शेंडा उजळ हवा. भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो. 'आधी'मधली माणसं मला ओळखीची वाटली, 'नंतर'मधलं कोणीच ओळखीचं वाटेना. शेजारच्या मुलीने मला विचारलं, "काका, तुमचं पण पिंपल्सच का?" ही म्हणाली, "नाही गं, त्यांचं मानेवर आहे," आणि मला मान पुढे करायला लावून ओळीतल्या तिघींना ते दाखवलं. तिघींनीही मत दिलं. तिघींचंही वेगवेगळं होतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मान पाहिली, 'हं' म्हणाले आणि मग म्हणाले, "काका, बूट-मोजे काढा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "डॉक्टर, माझं दुखणं मानेवर आहे."

"हो, पण आपल्याकडच्या लोकांत हा तिळासारखा दिसणारा कॅन्सर मुळातच कमी. आणि होतो तेव्हा पुष्कळदा तळवा, तळहात, नखाखाली. ऊन लागत नाही तिथे. बॉब मार्ली माहितीये ना? जमैकाचा गायक. त्याचं पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली निघालं होतं. १९८१ साली गेला, छत्तिसाव्या वर्षी."

मी मार्ली नामक गायकासाठी हळहळलो, पण त्याहून जास्त माझ्या डाव्या मोज्यासाठी हळहळलो. त्याच्या अंगठ्याला भोक होतं. घरून निघताना मी शर्ट इस्त्रीचा घातला होता, मानेला पावडर लावली होती, कॉलर नवीन होती. मान दाखवायला गेलेला माणूस मोजा तपासून जात नाही. डॉक्टरांनी त्या भोकातून आधी अंगठ्याचं नख पाहिलं, मग मोजा काढायला सांगितला. ही खिडकीबाहेर बघत होती. नंतर रिक्षात म्हणाली, "मी तुमच्याबरोबर आहे हे त्यांना कळायला नको होतं."

मग त्यांनी दिवा असलेलं एक भिंग मानेवर टेकवलं, त्याला मोबाइल जोडला आणि फोटो मला दाखवला. दहापट मोठा. इतक्या वर्षांनी आमची पहिली भेट. तपकिरी, किंचित उंच, एका बाजूला वस्तऱ्याचा ओरखडा आणि वर दोन केस. डोक्यावर जे उगवायला तयार नव्हते ते दोघं तिथे ऐटीत उभे होते.

"मला यात वाईट काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण वारंवार वस्तरा लागतोय, रक्त येतंय, तर काढून तपासायला पाठवू."

हिने भाचीच्या पार्लरचा विषय काढला. डॉक्टरांनी हात जोडले. "जाळून टाकला तर तपासायला काय पाठवू, राख?"

काढायच्या दिवशी माझी चौकशी झाली: साखर आहे का, रक्तदाब आहे का, रक्त पातळ करायची गोळी घेता का. प्रत्येक प्रश्नाला हीच उत्तर देत होती. मला पालथं झोपवलं आणि डॉक्टर म्हणाले, "आता फक्त मुंगी चावल्यासारखं वाटेल." या देशातल्या तमाम डॉक्टरांच्या घरी कसल्या मुंग्या आहेत ते एकदा पाहायला हवं. सुई आत गेली, औषध चुरचुरत पसरलं आणि थोड्या वेळाने ती मान माझी राहिली नाही. पालथा पडल्यापडल्या मला फक्त डॉक्टरांचे बूट दिसत होते. वरून आवाज येत होता, "सिस्टर, कात्री. काल मॅच पाहिली का?" माझ्या मानेत टाका ओवला जात असताना शेवटच्या षटकात काय व्हायला हवं होतं याची चर्चा चालली होती, आणि मला तिच्यात भाग घ्यायचा होता, कारण दोघांचंही चुकत होतं. पण 'हलू नका' असं सांगितलं होतं आणि मी बोलताना मान हलवतो.

तीळ मसुरीएवढा, काप मात्र त्याच्या कितीतरी पट लांब निघाला. मी तक्रार केली तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की गोल कापलं तर शिवण नीट बसत नाही, दोन्ही टोकं निमुळती करावी लागतात आणि लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट ठेवतात. आमचे शिंपीही पँट आवळताना असंच काहीतरी सांगतात आणि जास्तीचं कापड कापून घेतात.

मला वाटलं होतं, इथे माझा आणि तिळाचा संबंध संपला. तर सिस्टरने माझ्या हातात एक छोटी प्लास्टिकची बाटली ठेवली. "हे लॅबमध्ये नेऊन द्या. बाटली आडवी करू नका."

आत फॉर्मलिनमध्ये तो होता. पांढुरक्या मांसाच्या होडीच्या आकाराच्या तुकड्यावर मधोमध बसलेला, आणि ते दोन केस अजूनही ताठ. बाटली हलली की तो सावकाश गिरकी घ्यायचा, मान फिरवून बघितल्यासारखा. जन्मभर मी त्याला पाठीवर वाहिलं. आता पुढे धरून चाललो होतो. हिने बाटली कापडी पिशवीत घातली. त्याच पिशवीत मेथीची जुडी, पाव किलो मिरच्या आणि चाव्या होत्या. रिक्षावाल्याने खड्ड्यात चाक घातलं की मी पिशवी उचलून छातीशी धरायचो. तो आरशातून बघत होता. शेवटी म्हणाला, "अंडी आहेत का, काका?"

"तीळ आहे."

"मग कशाला एवढं जपताय, सांडला तर वीस रुपयांचा."

लॅबच्या खिडकीत मुलीने विचारलं, "सॅम्पल कोणाचं?" मी म्हटलं, माझं. तिने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वय?" माझं सांगितलं. तिळाचं वेगळं विचारेल अशी मला धास्ती होती.

रिपोर्ट यायला काही दिवस होते. ते दिवस, खरं सांगतो, माझ्या सोसायटीतल्या वास्तव्यातले सर्वांत सुखाचे. मानेवरची पट्टी बघून पहिल्या दिवशी लोक गळू म्हणाले, मान लचकली म्हणाले, उशी बदला म्हणाले. दुसऱ्या दिवशी हिने जिन्यात कोणाला तरी सांगितलं, "बायोप्सीला पाठवलंय." बायोप्सी हा शब्द आमच्या मजल्यांवरून वरपर्यंत लिफ्टच्या आधी पोचला. लिफ्टमध्ये माणसं हळू आवाजात बोलायला लागली. पाणी सोडायची वेळ मी म्हणेन ती झाली. तळमजल्यावरच्या काकू फडके रोडच्या गणपतीला जाऊन प्रसाद घेऊन आल्या. माझी स्कूटर दुसऱ्याच्या जागेत असते म्हणून आमचे सेक्रेटरी वर्षभर मला लेखी सूचना देत होते; ते मोसंब्यांची पिशवी घेऊन आले आणि माझा हात हातात धरून म्हणाले, "स्कूटर राहू द्या तिथेच. माणसापेक्षा पार्किंग मोठं नाही."

मग रिपोर्ट आला. आकार सेंटिमीटरांत तिन्ही बाजूंनी मोजलेला, रंग लिहिलेला, आणि खाली: साधा तीळ, कर्करोगाचं कोणतंही लक्षण नाही. आतल्या तिळाचं माप पाच मिलिमीटर. ही म्हणाली, कमी लिहिलंय, नीट मोजला नसेल. फॉर्मलिनमध्ये तुकडा थोडा आकसतो, हे तिला पटेना. तिने मसूर सांगितली होती, तर रिपोर्टातही मसूर भरायला हवी होती.

आनंदाची बातमी मी स्वतः सेक्रेटरींना सांगितली. त्यांचा चेहरा पडला. "काहीच नाही?"

"काहीच नाही. साधा तीळ."

"एकदा दुसऱ्या डॉक्टरला दाखवून घ्या," ते आशेने म्हणाले. संध्याकाळी स्कूटरच्या सीटवर सूचना चिकटवलेली होती. मोसंबी तेवढी परत मागितली नाहीत, कारण आम्ही ती खाल्ली होती.

इथे हा विषय संपायला हरकत नव्हती. पण मी सरकारी नोकर. पुढच्या वर्षी अठ्ठावन्न पुरी होणार, पेन्शनचे कागद तयार करायचे, आणि त्यात उंची आणि ओळखीच्या खुणा लिहून द्याव्या लागतात. आस्थापनेवरच्या लिपिकाने माझं सेवापुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर, मी लागलो तेव्हाच्या निळ्या शाईत नोंद होती: 'मानेच्या मागे डाव्या बाजूस काळा तीळ.'

"साहेब, जरा वळा," तो म्हणाला. मी वळलो. बराच वेळ शांतता. मग त्याने शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं. त्यांनीही पाहिलं.

"तीळ जागेवर नाही," त्या म्हणाल्या.

"काढला," मी म्हटलं.

"कोणाच्या परवानगीने?"

"डॉक्टरांच्या."

"खात्याला कळवलं होतं? सेवापुस्तकातली नोंद अशी परस्पर नाहीशी करता येत नाही."

"मग तिळाऐवजी व्रण लिहा. तो त्याच जागी आहे, आणि चांगला लांब आहे."

"व्रण काय कोणालाही असतो. हा त्याच तिळाचा व्रण कशावरून?"

मी रिपोर्ट पुढे केला. त्याने दोन्ही बाजूंनी वाचला. "यात तीळ साधा आहे म्हटलंय. तुमचा आहे असं कुठे म्हटलंय?"

"वर नाव आहे माझं!"

"नाव काय, कोणाच्याही वर लिहिता येतं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्याकडे माहिती होती, आणि माहिती असलेला माणूस गप्प बसत नाही. मी त्याला सांगितलं की लॅबवाले तुकडा टाकून देत नाहीत. तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचा पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि उरलेला ठोकळा नंबर घालून कपाटात ठेवतात.

लिपिकाचा चेहरा उजळला. "म्हणजे तीळ अस्तित्वात आहे?"

"आहे."

"मग प्रश्नच मिटला. घेऊन या. 'समक्ष पाहिले' म्हणून साहेबांची सही घेऊ, की झालं."

लॅबच्या खिडकीत तीच मुलगी होती. ब्लॉक परत हवा तर अर्ज लागतो म्हणाली. कारणाच्या रकान्यात लोक बहुधा 'दुसऱ्या डॉक्टरांचे मत' लिहितात. मी 'पेन्शन' लिहिलं. तिने तो अर्ज आत नेऊन कोणाला तरी दाखवला. आतून हसण्याचा आवाज आला, मग एक पांढरा कोट दाराशी येऊन मला बघून गेला. अखेर सहीच्या बदल्यात ठोकळा मिळाला: काडेपेटीहून लहान, प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीत बसवलेलं पांढरं मेण आणि मेणात एक तपकिरी ठिपका.

साहेब मीटिंगमध्ये होते. मग जेवायला गेले. मग आले. लिपिकाने सेवापुस्तक त्यांच्यासमोर उघडून ठेवलं, शेजारी ठोकळा ठेवला, आणि मी मान वाकवून पाठमोरा उभा राहिलो. साहेबांनी निळ्या शाईतली नोंद वाचली. ठोकळा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. पेनाचं टोपण काढलं आणि थांबले.

"नोंदीत डाव्या बाजूस म्हटलंय," ते म्हणाले. "यात डावी बाजू कुठली?"